एकसष्टची वर्गप्रकृती

कोणत्या वर्गसंख्येला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा वर्गसंख्याच येते, हा प्रश्न भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’च्या बीजगणित या भागात उदाहरणादाखल घातला आहे. प्रश्न एका ओळीत मावतो, परंतु त्याच्या सर्वांत लहान उत्तरात ज्या दोन पूर्ण संख्या येतात त्यांपैकी एक २२,६१,५३,९८० ही नऊ अंकी आहे आणि दुसरी १,७६,६३,१९,०४९ ही, म्हणजे एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकोणपन्नास ही, दहा अंकी आहे. पहिलीचा वर्ग करून त्याला ६१ ने गुणले आणि त्यात १ मिळवला की बरोबर दुसरीचा वर्ग मिळतो, आणि तो वर्ग ३११९८८२९८२८६०२६४४०१ असा एकोणीस अंकी भरतो. या दहा अंकी संख्येचे गुणधर्म, ती घडवणारी रीत आणि ती रीत जतन करण्यात मराठवाड्याचा असलेला वाटा हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. मोठ्या संख्येचे अंतरंग समजून घ्यायचे तर ती कोणत्या क्रियेतून जन्मली हे आधी पाहावे लागते, कारण तिचे अवयव, तिचे शेजारी आणि तिच्या अंगची सममिती ही सर्व त्या क्रियेचीच देणगी असते, हे प्रतिपादन येथे या एकाच संख्येच्या आधारे केले आहे.

प्राचीन गणिती या प्रकारच्या समीकरणाला ‘वर्गप्रकृती’ म्हणत. ज्या संख्येने वर्गाला गुणायचे ती ‘प्रकृती’, येथे ६१. जी संख्या मिळवायची ती ‘क्षेप’, येथे १. ज्या संख्येचा वर्ग प्रकृतीने गुणला जातो ते ‘कनिष्ठ मूळ’ आणि शेवटी मिळणाऱ्या वर्गाचे मूळ ते ‘ज्येष्ठ मूळ’. क्षेप ऋणही असू शकतो. ही परिभाषा आज शाळेत शिकवली जात नसली तरी ती अत्यंत नेमकी आहे, आणि कनिष्ठ, ज्येष्ठ व क्षेप यांचे त्रिकूट मांडून गणित करण्याची जुनी पद्धत हाताने आकडेमोड करणाऱ्याला आजही सोयीची वाटेल, म्हणून पुढील विवेचनात तीच वापरली आहे.

प्रश्नाचे काठिण्य ६१ च्या शेजाऱ्यांकडे पाहिल्यावर लक्षात येते. प्रकृती ६० असेल तर कनिष्ठ ४ आणि ज्येष्ठ ३१ एवढ्यावर काम भागते, कारण १६ ला ६० ने गुणून १ मिळवला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग मिळतो. प्रकृती ६२ असेल तर कनिष्ठ ८ आणि ज्येष्ठ ६३. प्रकृती ६३ असेल तर कनिष्ठ अवघा १ आणि ज्येष्ठ ८. दोहो बाजूंना दोन अंकी उत्तरे असताना मधल्या ६१ ला एकदम दहा अंकी उत्तर लागते. याचे कारण काही अंशी सांगता येते. ६०, ६२ आणि ६३ या संख्या ८ च्या वर्गापेक्षा अनुक्रमे ४, २ आणि १ ने कमी आहेत आणि या तिन्ही अंकांनी १६ ला, म्हणजे ८ च्या दुपटीला, नि:शेष भाग जातो. असा भाग जात असला की लहान उत्तर तात्काळ मिळते. ६१ ही ६४ पेक्षा ३ ने कमी आहे आणि ३ ने १६ ला भाग जात नाही, म्हणून ती जवळची वाट बंद होते. १०० पर्यंतच्या सर्व प्रकृतींमध्ये ६१ चे ज्येष्ठ मूळ सर्वांत मोठे आहे. त्याखालोखाल ९७ चे ६,२८,०९,६३३ हे येते, आणि ६१ चे मूळ त्याच्याही अठ्ठावीस पटीहून अधिक आहे. भास्कराचार्यांनी उदाहरणासाठी हीच प्रकृती निवडावी यात सहेतुकपणा दिसतो: ज्या रीतीचे सामर्थ्य दाखवायचे तिला त्यांनी सर्वांत अवघड ठिकाणी उभे केले आहे.

त्या रीतीचा पाया ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त घातला होता. दोन त्रिकुटे एकत्र करून तिसरे निर्माण करण्याची त्यांची क्रिया ‘भावना’ या नावाने ओळखली जाते. एका त्रिकुटाचा कनिष्ठ आणि दुसऱ्याचा ज्येष्ठ यांचे तिरकस गुणाकार करून त्यांची बेरीज केली की नवा कनिष्ठ मिळतो. दोन्ही ज्येष्ठांच्या गुणाकारात, दोन्ही कनिष्ठांच्या गुणाकाराची ६१ पट मिळवली की नवा ज्येष्ठ मिळतो. आणि नवा क्षेप म्हणजे दोन्ही क्षेपांचा गुणाकार. यामुळे क्षेप १ नसलेल्या त्रिकुटांपासूनही क्षेप १ असलेल्या त्रिकुटाकडे जाण्याची शक्यता निर्माण होते. परंतु ती कोणत्या क्रमाने साधावी याची कायमची व्यवस्था पुढे ‘चक्रवाल’ या रीतीने लावली. भास्कराचार्यांपूर्वी जयदेव नावाच्या गणितज्ञाने ही रीत मांडली होती, हे उदयदिवाकर यांच्या इ. स. १०७३ च्या टीकेतील उताऱ्यांवरून कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे भास्कराचार्यांचे श्रेय उणे होत नाही. त्यांनी रीत सुटसुटीत केली आणि ६१ व ६७ ही उदाहरणे घालून ती सर्वांच्या हाती दिली.

ही आकडेमोड प्रत्यक्ष करून पाहण्याजोगी आहे. आरंभी कनिष्ठ १ धरावा. ६१ मध्ये ३ मिळवले की ६४ होतात, म्हणून ज्येष्ठ ८ आणि क्षेप ३. आता असा गुणक शोधायचा की जो ज्येष्ठात, म्हणजे ८ मध्ये, मिळवला असता बेरजेला क्षेपाने, म्हणजे ३ ने, भाग जावा आणि ज्याचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असावा. १, ४, ७, १० हे गुणक पहिली अट पाळतात. त्यांपैकी ७ चा वर्ग ४९ हा ६१ ला सर्वांत जवळचा. ७ आणि ८ मिळून १५, त्याला ३ ने भागून नवा कनिष्ठ ५. ४९ वजा ६१ म्हणजे ऋण १२, त्याला ३ ने भागून नवा क्षेप ऋण ४. आणि ५ च्या वर्गाची ६१ पट म्हणजे १५२५, त्यातून ४ वजा जाता १५२१, जो ३९ चा वर्ग आहे. चक्राच्या एकाच फेऱ्यात कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९, क्षेप ऋण ४ हे त्रिकूट हाती आले, आणि दहा अंकी उत्तराचे बीज ते हेच.

येथे भास्कराचार्य चक्र थांबवतात आणि ब्रह्मगुप्तांच्या भावनेचा आश्रय घेतात. मुळांना २ ने भागले की क्षेपाला ४ ने भाग जातो, म्हणून कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ ३९/२ आणि क्षेप ऋण १ असे त्रिकूट होते. अपूर्णांक आले म्हणून बिचकण्याचे कारण नाही. ते लवकरच नाहीसे होतात. या त्रिकुटाची स्वत:शीच भावना केली असता कनिष्ठ १९५/२, ज्येष्ठ १५२३/२ आणि क्षेप १ मिळतो. त्याची मूळ त्रिकुटाशी पुन्हा भावना केली की ज्येष्ठ ११८८७२/४ म्हणजे २९७१८, कनिष्ठ १५२२०/४ म्हणजे ३८०५, आणि क्षेप ऋण १. दोन्ही मुळे पूर्णांक झाली. अखेरीस या त्रिकुटाची स्वत:शी एकदा भावना केली की ऋणाचे धन होऊन क्षेप १ येतो, कनिष्ठ २२६१५३९८० येतो आणि ज्येष्ठ १७६६३१९०४९ येतो. एक फेरा आणि तीन भावना, एवढेच श्रम. भावनेचा आधार न घेता केवळ चक्र फिरवत राहिले तरी आरंभीची ओळ धरून चौदाव्या ओळीत हेच उत्तर मिळते, तर युरोपात पुढे रूढ झालेल्या साध्या सतत-अपूर्णांकाच्या रीतीने बावीस पायऱ्या लागतात.

संख्या अशी घडलेली आहे हे कळल्यावर तिचे गुणधर्म आपोआप उलगडू लागतात. शेवटची भावना एका त्रिकुटाची स्वत:शीच झाली असल्यामुळे १७६६३१९०४९ ही संख्या २९७१८ च्या वर्गाच्या दुपटीहून नेमकी १ ने मोठी आहे, आणि त्याच कारणाने ती ३८०५ च्या वर्गाच्या १२२ पटीहून नेमकी १ ने लहान आहे. म्हणजे तिच्या लगतची खालची संख्या ही एका वर्गाची दुप्पट, तर लगतची वरची संख्या ही दुसऱ्या एका वर्गाची १२२ पट. या दोन शेजाऱ्यांचा गुणाकार केला तर मधल्या संख्येचा वर्ग उणे १ मिळतो, आणि तो गुणाकार म्हणजे २ गुणिले १२२, अर्थात २४४, गुणिले दोन वर्ग. २४४ ही ६१ ची चौपट असल्याने संपूर्ण गुणाकार ६१ गुणिले एक वर्ग असाच ठरतो. उत्तराचा पडताळा त्यामुळे एकोणीस अंकी गुणाकार न करता मिळतो, आणि नववी-दहावीच्या बीजगणितातील दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र त्याला पुरेसे होते.

मूळ अवयवांकडे वळले असता आणखी एक गोष्ट दिसते. १७६६३१९०४९ ही संख्या ११, ५९, १५२३ आणि १७८७ या चार मूळसंख्यांचा गुणाकार आहे. यांपैकी १५२३ हा अवयव परका नाही. वरच्या आकडेमोडीत दुसऱ्या त्रिकुटाचा ज्येष्ठ म्हणून तो आधीच भेटला आहे. अंतिम त्रिकूट हे त्या दुसऱ्या त्रिकुटाची स्वत:शी दोनदा भावना केल्यानेही मिळते, म्हणून त्याचा ज्येष्ठ हा १५२३ च्या पटीतला असणे अपरिहार्य होते. उरलेला ११५९७६३ हा अवयव १५२३ च्या वर्गातून ३ वजा करून त्याचे अर्धे केले की येतो. ११, ५९, १५२३ आणि १७८७ या चारही संख्यांना २४ ने भागले तर प्रत्येक वेळी बाकी ११ च उरते. ११, ५९ आणि १७८७ यांच्या बाबतीत बाकी १ किंवा ११ यांखेरीज दुसरी असूच शकत नाही असे सिद्ध करता येते. १५२३ वर मात्र तेवढे कडक बंधन नाही, आणि तोही त्यांच्या पंक्तीत बसला हे काहीसे योगायोगाचे मानावे लागेल. कनिष्ठ मुळाची ठेवण अगदी वेगळी आहे: २२६१५३९८० मध्ये २ व ३ दोनदा आणि ५, १३, १२७, ७६१ एकेकदा येतात, त्यामुळे त्याला १४४ विभाजक आहेत, तर त्याहून जवळजवळ आठपट मोठ्या ज्येष्ठाला अवघे १६. दोघांमध्ये १ सोडून एकही सामाईक विभाजक नाही. ज्येष्ठाला कनिष्ठाने भागले असता ६१ चे वर्गमूळ दशांशचिन्हानंतरच्या सतरा स्थळांपर्यंत अचूक मिळते, आणि ही अचूकता दोन पूर्ण संख्यांच्या साध्या भागाकारातून येते हे विशेष.

या ज्ञानाचा मराठवाड्याशी असलेला संबंध ओढूनताणून जोडलेला नाही. भास्कराचार्यांचे विज्जडविड हे गाव नेमके कोणते याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, परंतु त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याची नोंद करणारा इ. स. १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, आणि हे पाटण कन्नडच्या घाटाखाली, मराठवाड्याच्या उंबरठ्यावरच वसलेले आहे. गोदावरीच्या खोऱ्यात, आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरी या गावाशी ज्याची ओळख पटवली जाते त्या पार्थपुरात, सोळाव्या शतकाच्या आरंभी ज्ञानराज दैवज्ञ यांनी ‘सिद्धांतसुंदर’ हा ग्रंथ रचला. त्यांचे पुत्र सूर्यदास यांनी १५३८ मध्ये भास्करांच्या बीजगणितावर ‘सूर्यप्रकाश’ ही टीका लिहिली आणि १५४१ मध्ये ‘लीलावती’वर ‘गणितामृतकूपिका’. टीका हा शब्द येथे दोषदर्शनाच्या अर्थी नाही: सूत्राचा अर्थ लावणे, उदाहरण सोडवून दाखवणे आणि रीत पुढच्या पिढीच्या हाती पोचेल अशी व्यवस्था करणे हे टीकाकाराचे काम होते. छापखाना नसलेल्या काळात पाठ आणि अर्थ दोन्ही टिकले ते अशा माणसांच्या चिकाटीमुळे, आणि गणिताच्या इतिहासात त्यांना दुय्यम स्थान देण्याची पद्धत अन्यायाची आहे.

याच सूर्यदासांनी ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचले, ज्याच्या ओळी सुलट वाचल्या तर रामकथा आणि उलट वाचल्या तर कृष्णकथा निघते. चक्रवालातील क्षेपांची माळ मांडली असता या काव्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ६१ साठी क्षेप क्रमाने ३, ऋण ४, ऋण ५, ५, ४, ऋण ३ असे येतात आणि मग ऋण १ गाठला जातो; पहिले सहा क्षेप उलट क्रमाने वाचले तर तेच आकडे चिन्ह बदलून पुन्हा समोर येतात. ऋण १ नंतरचे सहा क्षेपही चिन्हे पालटलेल्या पहिल्या सहांचीच आवृत्ती आहेत, आणि त्यांच्यामागून १ येतो. उत्तर पूर्ण होण्याआधीच अर्ध्या वाटेवर ते होणार याची खूण मिळते ती या सममितीमुळे.

पुढील शतकात हेच बीजगणित फारसीत गेले. अताउल्ला रशिदी यांनी १६३४-३५ च्या सुमारास त्याचे भाषांतर केले, आणि औरंगाबाद येथील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, बीबी का मकबरा या वास्तूचे स्थापत्यकार म्हणून ज्यांचे नाव तेथे कोरलेले आहे ते हेच अताउल्ला होत. फारसीवरून एडवर्ड स्ट्रेची यांनी १८१३ मध्ये इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले आणि १८१७ मध्ये हेन्री कोलब्रुक यांनी थेट संस्कृतातून भाषांतर केले, तेव्हा युरोपला चक्रवालाचा परिचय झाला.

तोवर युरोपात हाच प्रश्न स्वतंत्रपणे उद्भवून सुटलाही होता. १६५७ मध्ये पिएर द फर्मा यांनी फ्रान्स आणि इंग्लंडमधील गणितज्ञांना या समीकरणाचे आव्हान दिले आणि फ्रेनिकल यांना लिहिलेल्या पत्रात उदाहरणादाखल ६१ आणि १०९ या प्रकृती सुचवल्या. १०९ चे ज्येष्ठ मूळ १५८०७०६७१९८६२४९ असे पंधरा अंकी आहे. भास्करांचे नाव फर्मांच्या कानावर गेल्याचा पुरावा नाही. पाच शतकांच्या अंतराने दोघांचे बोट एकाच संख्येवर पडले ते त्या संख्येच्या स्वभावामुळे. विल्यम ब्राउंकर यांनी उत्तर काढले, पण ऑयलर यांच्या चुकीमुळे समीकरणाला जॉन पेल यांचे नाव चिकटले आणि आजही पाठ्यपुस्तकांत तेच छापले जाते. प्रकृती वर्गसंख्या नसेल तर उत्तर असतेच, याची सिद्धता लाग्रांज यांनी १७६८ च्या सुमारास दिली. चक्रवाल दरवेळी उत्तरापर्यंत पोचतेच याची सिद्धता मात्र ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९ मध्ये दिली, म्हणजे रीत आठशे वर्षे अचूक चालत होती आणि ती का चालते हे उमगायला तेवढा काळ लोटला.

नांदेड येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर आणि हिंगोली यांच्यासह परभणी जिल्हा येतो, आणि परभणीत पाथरी येते. लातूरच्या वर्गांनी दहावी-बारावीच्या निकालांतून आणि प्रवेश परीक्षांतून महाराष्ट्रभर नाव मिळवले आहे. तेथील विद्यार्थ्यांच्या हाताला आकडेमोडीचा वेग आहे यात शंका नाही. अशा विद्यार्थ्याला ६१ ची वर्गप्रकृती वहीच्या एका पानावर सोडवता येईल, कारण तिच्यात शालेय बीजगणिताबाहेरचे काहीही नाही. तरीही पाथरीच्या टीकाकाराने ज्या गणिताचा अर्थ लावून ठेवला ते पाथरीपासून काही तासांच्या अंतरावरील वर्गांत सहसा भेटत नाही, ही उणीव खरी आहे. परीक्षेत एक प्रश्न मिनिटभरात संपवावा लागतो. येथे मात्र एकाच प्रश्नापाशी थांबून, अपूर्णांकातून पूर्णांकाकडे जाणारी वाट धीराने चालावी लागते, आणि गणिताच्या पुढील अभ्यासाला हा धीरच अधिक उपयोगी पडतो. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांनी हे उदाहरण पदवीच्या पहिल्या वर्षी तरी फळ्यावर संपूर्ण सोडवून दाखवावे, अशी अपेक्षा येथे स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक वाटते.

याच समीकरणाच्या पोटात याहून कितीतरी मोठ्या संख्या दडलेल्या आहेत. आर्किमिडीजच्या नावाने प्रसिद्ध असलेला गुराढोरांचा प्रश्न अखेर ४७,२९,४९४ या प्रकृतीच्या वर्गप्रकृतीवर येऊन ठेपतो आणि त्यातील गुरांची लहानात लहान संख्या २,०६,५४५ अंकी भरते. ती संपूर्णपणे काढण्याचे काम १९६५ मध्ये कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात संगणकाच्या साहाय्याने झाले. अशा उत्तरातील अंक लिहून काढत बसण्यापेक्षा लहान बीज आणि त्याचा घात एवढेच लिहिण्याची पद्धत आता गणितज्ञ वापरतात. ६१ साठी ते बीज भास्कराचार्यांनी पहिल्याच फेऱ्यात मिळवलेल्या ३९ आणि ५ यांचेच आहे: ३९ मध्ये ६१ च्या वर्गमूळाची ५ पट मिळवून त्या बेरजेचे अर्धे केले आणि त्याचा सहावा घात काढला की १७६६३१९०४९ अधिक ६१ च्या वर्गमूळाची २२६१५३९८० पट असे उत्तर येते. दिलेल्या प्रकृतीसाठी असे संक्षिप्त उत्तर झटपट शोधून देणारी रीत शॉन हॉलग्रेन यांनी २००२ मध्ये क्वांटम संगणकासाठी मांडली. सामान्य संगणकासाठी तितकी जलद रीत अद्याप कोणालाही सापडलेली नाही.